काळा तो पक्का

"सर, आमच्या डोक्यात दगड भरलेत असं तुम्ही रोज म्हणता. तर ते नक्की कोणते? अग्निज, रूपांतरित, की गाळाचे?"

हेमलताने हे विचारलं आणि नववी 'ब'चा वर्ग असा चिडीचूप झाला, की गेटबाहेरच्या कचोरीवाल्याच्या कढईचा चुर्र आवाज थेट शेवटच्या बाकापर्यंत आला. त्याच कढईतल्या दोन कचोऱ्यांवर पैज लागली होती. पैज ममताने लावली होती, आणि आता तीच बाकाखाली वाकून नसलेली पेन्सिल शोधत होती.

खरं तर ऑगस्टपर्यंत हेमलता पाणी प्यायला जायचं असलं तरी ममताकडून विचारून घ्यायची. पण पंधरा ऑगस्टला ऐन प्रतिज्ञेच्या वेळी माइक बंद पडला, आणि पुढे उभ्या असलेल्या हेमलताने ती प्रतिज्ञा नरड्याच्या जोरावर मेहरूण तलावापर्यंत पोचवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आवाज आहे हो पोरीला." बस्स! तेव्हापासून तिचा आत्मविश्वास नवीन सायकलसारखा झाला होता. कुठे जायचं ते ठरलेलं नसलं तरी घंटी वाजवत निघायचंच.

शालिग्राम सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आईबापांनी नावातच दगड दिलेला हा माणूस आयुष्यभर भूगोल शिकवत आला होता, आणि असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"गाळाचे," सर शांतपणे म्हणाले. "वर्षाला एक थर, असे नऊ थर साचलेत. आत प्राणी सापडतील, पण जिवंत एकही नाही."

वर्ग हसून हसून आडवा झाला. ममताला पेन्सिल सापडली.

"पण विचारलंस ते बरं केलंस." सरांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. पेटीत तीन कप्पे होते. एकात बसाल्ट, एकात संगमरवर. तिसऱ्या कप्प्यावर 'गाळाचा खडक' अशी चिठ्ठी होती आणि आत होतं एक मेलेलं झुरळ. "हा कप्पा मी या शाळेत आलो तेव्हापासून रिकामा आहे. दरवर्षी मुलांना सांगतो, इथे एक दगड होता असं समजा. आपल्याकडे कुठंही खणा, लाव्हाचा काळा बसाल्ट. विहीर त्याची, पाटा त्याचा, मारुती त्याचा. गाळाचा खडक शोधून आणायला सांगितलं की पोरं विटेचा तुकडा आणतात. हेमलता, तू सोमवारी खरा गाळाचा खडक घेऊन ये. आणलास तर डोक्यातल्या दगडांचं वाक्य मी कायमचं बंद करीन."

वर्गाने कान टवकारले. ते वाक्य बंद झालं तर सरांचा निम्मा तास मोकळा पडणार होता.

"ओळखायचा कसा, सर?"

"सगळ्यात सोपा चुनखडक. चाकूने ओरखडा काढ. काळ्या दगडावरची रेघ म्हणजे पक्का शब्द असं म्हणतो ना आपण? पण आधी दगड कोणता ते विचारावं. बसाल्टवर, ग्रॅनाइटवर चाकू घसरतो. चुनखडकावर पांढरी रेघ उठते, भुकटी निघते. त्या भुकटीवर लिंबू पिळायचं. बारीक बुडबुडे आले की समजायचं. आणि दाणे बघ. ग्रॅनाइट म्हणजे चिवडा, दाणा न् दाणा वेगळा. चुनखडक म्हणजे पिठलं."

शाळा सकाळच्या पाळीची होती. शनिवारी दुपारी हेमलता आणि ममता घरातली लिंबं आणि भाजीची सुरी घेऊन मेहरूण तलावाकडे निघाल्या. ममता नुसती सोबतीला होती. कचोऱ्या हरल्यामुळे तिचा विज्ञानावर राग होता.

तलावाच्या काठाने त्यांनी दिसेल त्या दगडाला सुरी लावली. सुरी घसरत होती. लिंबू पिळलं तर दगड नुसता ओला होत होता. काळा दगड, काळा दगड, पुन्हा काळा दगड. अर्ध्या तासात सुरीची धार गेली आणि ममताचा धीर गेला.

तेवढ्यात हेमलता किंचाळली, "ममते! फसफसलं!"

राखाडी रंगाचा ओबडधोबड गोळा होता. त्यात बारीक खडी होती, वाळू होती, आणि लिंबाच्या रसाखाली खरोखर बुडबुडे येत होते. हेमलताचा आवाज सद्गदित झाला. "बघ. लाखो वर्षांपूर्वी नदीने हे गोटे वाहून आणले असतील. मग त्यांच्यावर गाळ बसला असेल. मग वरून दाब..."

"हेमे."

"थांब ना. मग हळूहळू सगळं एकजीव..."

"हेमे, त्यात सोड्याच्या बाटलीचं झाकण आहे."

हेमलताने वाकून पाहिलं. झाकण होतं. शेजारून गजाचं टोकही बाहेर आलेलं होतं. लाखो वर्षांपूर्वीची ती नदी कुणाच्या तरी स्लॅबचं काम उरकून गेली होती.

"सिमेंटमध्ये पण चुना असतो गं," हेमलता पडेल आवाजात म्हणाली.

परत येताना तीन रस्ते मिळतात तिथे तिला मातीत रुतलेला एक चपटा दगड दिसला, आणि आशा पुन्हा जागी झाली. ती उकिडवी बसली. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धं लिंबू, समोर दगड. दगडावर आधीच कुणीतरी सांडलेलं कुंकू होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती लिंबू पिळत होती आणि पुटपुटत होती, "ये रे, ये रे, एक तरी ये." म्हणजे बुडबुडा.

"अगं बाई माझे!"

शेजारच्या पुष्पाबाई भाजीची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. शनिवार, तिठा, लिंबू, सुरी, कुंकू आणि कुणाला तरी 'ये' म्हणून बोलावणं. यात आणखी काय बाकी राहिलं होतं?

"काकू, आम्ही खडक तपासतोय," हेमलता म्हणाली.

"कुणावर करतेयस गं?" पुष्पाबाई कुजबुजल्या.

"चुनखडकावर."

"हा कुठला मेला? आपल्या गल्लीतला आहे का?"

ममता हसू दाबता दाबता रस्त्यावर बसली. ते पाहून, हिच्या अंगात आलंच, अशी पुष्पाबाईंची खात्री पटली. त्या अशा निघाल्या की मुली गल्लीत पोचेपर्यंत बातमी तीन घरं फिरून हेमलताच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

हेमलताच्या आईचं, रत्नाचं, स्वयंपाकघर गेल्या पंधरवड्यापासून गल्लीत गाजत होतं. कारण नवा ओटा. आधी भाड्याच्या खोल्यांमध्ये तिने कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या कडप्प्यावर स्वयंपाक केला होता. ओट्याला कडप्पा घातला की एक दुखणं कायमचं मागे लागतं. त्यावर लिंबू, चिंच, दही सांडलं की पांढरा डाग पडतो, आणि तो जात नाही. घरमालकीण दर पहिल्या तारखेला भाडं न्यायला आली की आधी ओट्यावरून हात फिरवायची आणि मग विचारायची, "लिंबू चिरलंत ना?" पुढे मेहरूणला स्वतःचं घर झालं तेव्हा ओटा सिमेंटचाच राहिला. यंदा धुळ्याहून तिच्या धाकट्या भावाने, मगनने, टेम्पोत घालून काळीभोर चकचकीत फरशी पाठवली. ग्रॅनाइट! लिंबू सांडा, चिंच सांडा, काही होत नाही. तरी जुन्या सवयीने रत्ना लिंबू अजून ताटलीतच चिरायची. सोमवारी संध्याकाळी रत्नाने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं होतं. वाण होतं चहाच्या गाळण्यांचं, पण खरं दाखवायचं होतं माहेर.

हेमलताच्या बाबांना, प्रेमराजला, मात्र मेहुण्याचं कौतुक सोसत नसे. त्यांच्या लग्नात लहानग्या मगनने नवऱ्यामुलाचा बूट लपवला आणि तो पुढे त्यालाच सापडला नाही. दालमिलमधला तरुण सुपरवायझर प्रेमराज एका पायात बूट आणि एका पायात सासऱ्याची चप्पल घालून वरातीत नाचला. मगन आता धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होता, दोन मुलांचा बाप होता, तरी बाबा त्याला 'मगनराव' म्हणत, आणि त्या 'राव'मध्ये तो बूट असे.

"रत्नाबाई, अशा ग्रॅनाइटच्या ओट्याच्या घरातली पोर, आणि तिठ्यावर लिंबू कापते?" पुष्पाबाई विचारत होत्या.

हेमलताने हातातलं अर्धं लिंबू ओट्यावर पालथं ठेवलं आणि खुलासा सुरू केला. अग्निज खडक झाले, रूपांतरित झाले. गाळाच्या खडकांपर्यंत येईतो पुष्पाबाईंना घरचं दूध आठवलं. आईने मग उरलेला राग भांड्यांवर काढला, लिंबांचा हिशेब विचारला, सुरीच्या धारेला हात लावून कपाळाला हात लावला आणि अंगणात कपडे काढायला गेली.

हेमलताने ओट्यावरचं लिंबू उचललं.

खाली एक गोल होता. आरशासारख्या काळ्या ओट्यावर, रुपयाएवढा, भुरकट पांढरा. ओढणीने पुसला, ओल्या फडक्याने पुसला, तेलाचं बोट फिरवलं. गोल जागचा हलला नाही.

तिच्या डोक्यात सरांचं चिवडा-पिठलं फिरू लागलं. तिने ओट्याला नाक लावलं. दाणा एकही नाही. नुसतं काळं, गुळगुळीत पिठलं. गॅसमागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात तिने सुरीचं टोक टेकवलं. पांढरी रेघ. भुकटी. लिंबाचा थेंब. आणि मग, साबणाच्या फेसात असतात तसे, बारीक, चिमुकले बुडबुडे.

"सापडला!" ती आनंदाने ओरडली.

"काय सापडलं गं?" अंगणातून आई.

हेमलताने तोंडावर हात दाबला. खडक सापडला होता आणि मामाचा ग्रॅनाइट हरवला होता. संबंध जळगावात गाळाचा खडक सापडला तो कुठे, तर आईच्या अभिमानाखाली!

"काही नाही गं! सुरी सापडली!"

तिने लोणच्याची बरणी उचलून त्या गोलावर ठेवली. आईने येऊन ती बरणी जागेवर, म्हणजे फडताळात ठेवली. हेमलताने पाण्याचा तांब्या ठेवला. बाबांनी पाणी पिऊन तांब्या मोरीत टाकला. शेवटी तिने मिठाचा डबा ठेवला आणि तो कुणी हलवू नये म्हणून रविवारभर घरातल्या प्रत्येकाला न मागता मीठ नेऊन दिलं. बाबांनी तर चहाच्या वेळी विचारलं, "हिची तब्येत बरी आहे ना?"

सोमवारी ती भूगोलाच्या तासाला उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेला काळा तुकडा होता. सिंकसाठी ओट्याला भोक पाडलं तेव्हा गवंड्याने मागच्या अंगणात टाकलेल्या तुकड्यांपैकी एक.

"बसाल्ट," सर बघताच म्हणाले. "काळा आहे."

"सर, आधी दगड कोणता ते विचारावं."

सरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग प्रयोगशाळेतून पाणी घालून पातळ केलेलं आम्ल मागवलं. एक थेंब टाकला. दगड असा फसफसला की पहिल्या बाकावरच्यांनी पाय वर घेतले.

शालिग्राम सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला, कडेने पाहिला, अंगठ्याने चाचपला. "कडप्पा," ते हळूच म्हणाले. "आंध्रातला. चुनखडक! अरे, रोज ज्याच्यावर माझा चहा होतो तो चुनखडक, आणि मी रिकामा कप्पा दाखवत बसलो!"

"म्हणजे सर, यात शंख-शिंपले आहेत?"

"नाहीत. आणि तीच तर गंमत. शंख-शिंपले जन्माला यायच्या आधीचा समुद्र आहे हा. उथळ, कोमट. त्याच्या तळाशी चुन्याचा चिखल बसत गेला. आज एक पापुद्रा, उद्या एक. घाई नाही, गडबड नाही. वरच्याचं ओझं खालच्यावर, आणि दबून दबून दगड. हे बघ, कडेला पुसट रेघा दिसतात? थर. आता लिहून घ्या रे. थरांचा एकच कायदा. सगळ्यात वरचा थर सगळ्यात नवा, सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. कुठलाही गाळ समजून घ्यायचा असेल तर वरून खाली उकरत जायचं."

तुकडा पेटीत गेला. झुरळ बाहेर गेलं. दुसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावर कुणीतरी शिंकेचा आव आणून हसलं, तसे सर गर्रकन वळले. "तुमच्या डोक्यात..." म्हणाले, आणि थांबले. सगळा वर्ग वाट बघत होता. "...कोंडा झालाय. विंचरत जा," सरांनी वाक्य कसंबसं काठाला लावलं.

दुपारी हेमलता घरी आली तेव्हा भरताचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. मगनमामा धुळ्याहून आला होता. सोमवार म्हणून दालमिलला सुट्टी, त्यामुळे बाबाही घरातच. जमिनीवर ताटं मांडली होती. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. मामा भिंतीला टेकून ओट्याकडे अशा नजरेने बघत होता, जशी माणसं आपण लावलेल्या झाडाकडे बघतात.

"अक्का, कसा दिसस ना ओटा! मन्हा तं तोंड दिसस त्यामा."

"मग! संध्याकाळी बघ, बायका कशा बघत राहतात," आई म्हणाली. आज तिने ठेवणीतली साडी दुपारीच काढून ठेवली होती.

"मगनराव, तुमचं तोंड दिसतं हा ओट्याचा दोष नाही," बाबा म्हणाले. "जरा मीठ आणतो. कालपासून आपल्या घरात मिठाचं फार चाललंय, आणि आज भरतात नाही."

"मी देते!" हेमलता ओरडली. पण बाबा उठले होते. मिठाचा डबा उचलला गेला होता.

बाबांनी वाकून पाहिलं. बोटाने घासलं. नखाने खरवडलं. मग ते सावकाश वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, की हेमलताला वाटलं, वरातीतला हरवलेला बूट ओट्यावर सापडला.

"मगनराव," बाबा अतिशय गोड आवाजात म्हणाले, "धुळ्याच्या ग्रॅनाइटला कोड फुटतं का हो?"

आई उठली. तिने गोल पाहिला. तो काय आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. कितीतरी पहिल्या तारखांना तिने तसल्या गोलांवर मान खाली घातली होती.

"मी लिंबू ठेवलं होतं," हेमलता म्हणाली. "शनिवारी. आई, तो ग्रॅनाइट नाही. कडप्पा आहे. चुनखडक. सरांनी पण तपासला."

मामाच्या हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत गेला. आईने पाठ फिरवली आणि भरताच्या कढईवर झाकण ठेवलं. मग काढलं. परत ठेवलं.

"सहा वाजता सगळ्या येणार आहेत," ती कढईला म्हणाली. "सगळ्यांना सांगून बसले मी. माझ्या भावाने ग्रॅनाइट दिलं."

"वा, मगनराव!" बाबा रंगात आले. "ग्रॅनाइट सांगून कडप्पा! बूट सांगून चप्पल!"

"दाजी, माय शपथ!" मामाने गळ्याला चिमटा लावला. "मी कधी म्हनं ग्रॅनाइट? मी दुकानमा गऊ. म्हनं, मन्ही बहीनना ओटा शे, काया दगड द्या, एकदम पक्का. आपला घरना उंबरा काया, जातं काया, पाटा काया. काया तो पक्का, असंच ना? दुकानवालानी काया दिधा, मी लई धाडा. ग्रॅनाइट तं मी अक्काना तोंडेच आयकं. माले वाटनं, शहरमा काया दगडले ग्रॅनाइट म्हंतस व्हतीन."

आई वळली. "म्हणजे तू म्हणाला नव्हतास?"

"नही, अक्का."

हेमलताच्या मनात एकदम घंटी वाजली. तिने दोन्ही हात वर केले. "थांबा! कुणी बोलू नका. वरून खाली उकरत जायचं. सगळ्यात वरचा थर, मामा. मामाने ऐकलं आईकडून. आई, तुला कुणी सांगितलं?"

"मला? मला तर पुष्पाबाईंनी. टेम्पो आला तेव्हा मी गिऱ्हाइकांचे जेवणाचे डबे द्यायला गेले होते. परत आले तर त्या दारातच. म्हणाल्या, 'रत्नाबाई, ग्रॅनाइट आलं हो तुमचं, भावाने धाडलं.' मी कशाला शंका घेऊ?"

हेमलता मागच्या दाराने अंगणात गेली. पुष्पाबाईंना हाक मारायची गरज नव्हती. त्या भिंतीपलीकडे, गेला अर्धा तास एकच साडी वाळत घालत होत्या.

"काकू, आमच्या ओट्याला ग्रॅनाइट पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"अय्या, मला काय विचारतेस? तुझे बाबाच की! मी विचारलं, 'काय आलं हो, भाऊ, टेम्पोत?' तर म्हणाले कसे, 'ग्रॅनाइट! मगनरावांनी धाडलंय, आमच्या राजवाड्याला!' बरं, ते तिठ्यावरचं उतरलं का गं तुझ्या मैत्रिणीच्या अंगातलं?"

हेमलता आत आली. सांगायची गरज उरली नव्हती, पुष्पाबाईंचा आवाजही प्रतिज्ञेच्या तोडीचा होता.

"सगळ्यात खालचा थर," ती म्हणाली, "बाबा."

बाबांच्या हातात अजून मिठाचा डबा होता. "अहो, मी टोमणा मारला होता!" ते म्हणाले. "टोमणा! मला काय माहीत, ती बाई खरं धरेल?"

"तेवढा एक टोमणा तुम्ही मारला नसता," आई हळूच म्हणाली, "तर मी कडप्पाच समजले असते. आणि तरी आनंदानेच पुसला असता."

त्यानंतर दोन्ही पुरुषांना एकदम उदारपणा सुचला. मामा म्हणाला, तो आजच्या आज फरशी काढून नेतो आणि खरा ग्रॅनाइट आणतो. बाबा म्हणाले, ग्रॅनाइट ते स्वतः आणतील, आणि फोडायचाच असेल तर ओटा त्यांच्या घरचा आहे, तेच फोडतील. मामा म्हणाला, दगड त्याचा आहे. बाबांनी हातोडी कुठे आहे ते विचारलं. मामा फिटर होता, त्याने पिशवीतून स्वतःचीच काढली.

"ठेव ती खाली," आई म्हणाली.

तिने टोपलीतून एक लिंबू घेतलं. ते ताटलीत घेतलं नाही. पाटावर घेतलं नाही. ओट्याच्या अगदी मधोमध, जिथे सगळ्यांना दिसेल तिथे ठेवलं आणि सुरीने कापलं. सुरीला धार नव्हती, त्यामुळे जोर द्यावा लागला आणि रस चांगला हातभर उडाला. तिने दोन्ही फोडी आणून मामाच्या ताटात भरतावर पिळल्या. मागे ओट्यावर पांढरे ठिपके उमटू लागले. ते तिने पुसले नाहीत.

"आता विचारू दे कुणाला विचारायचं ते," ती म्हणाली. "हो म्हणावं, चिरलं लिंबू. जेव रे मगन. गार होतंय."

मामाने मान खाली घालून घास घेतला. तो तिखटाने की कशाने, नाक ओढत जेवू लागला. बाबांनी उगाच त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. 'राव' न लावता म्हणाले, "घे, मगन."

हेमलता ओट्याला टेकून उभी होती. पाठीमागे तो शिंपल्यांच्याही आधीचा समुद्र गार लागत होता. तिने घसा खाकरला, पंधरा ऑगस्टला खाकरला होता तसा.

"आई, बाबा, मी ठरवलंय. संध्याकाळी बायका आल्या की ओट्याबद्दल मी बोलणार. पहिलं वाक्य, हा ग्रॅनाइट नाही. दुसरं वाक्य, हा माझ्या मामाने दिलाय."

"आणि तिसरं?" बाबांनी घाबरत विचारलं.

"तिसरं अजून ठरवलं नाही," हेमलता म्हणाली. "ते सहा वाजेपर्यंतच्या तुमच्या वागण्यावर आहे."